त्याच नावाचा दुसरा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी एवढंच सांग, जिवंत आहेस ना?

कालच्या पेपरात आलंय. जुन्या गोदीत भिंत पडली आणि एक कामगार गेला. खाली नाव छापलंय. तुझं नाव, आपलं आडनाव, बस्स. वय नाही, गाव नाही. बाबा रोजच्यासारखे मोठ्याने पेपर वाचत होते आणि मी पीठ मळत होते. मध्येच त्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं चष्मा घसरला. वळून बघते तर पेपरची घडी करून ती मांडीखाली दाबून बसलेले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, जाहिराती आहेत. मग मी तो पेपर ओढूनच घेतला.

चौकीत फोन लावला तर तिथले साहेब म्हणाले, बाई, या नावाची माणसं पैशाला पासरी आहेत, आणखी काही सांगा. आणखी काय सांगू? अकरा वर्षांत तुझं तोंड पाहिलेलं नाही. आपल्या गल्लीतल्या ट्रकवाल्याने गेल्या उन्हाळ्यात तुला गोदीमागच्या गल्लीत पाहिलं होतं म्हणे. तेवढ्याच पत्त्यावर हे पत्र टाकतेय. तेव्हाच टाकायला हवं होतं, पण मीही याच घरची. म्हटलं, त्याला यायचं असेल तर येईल.

मोठं पत्र नको लिहूस. नुसतं ‘आहे’ लिही. तेवढं पुरे.

तुझी,
ताई

*

७ फेब्रुवारी

बाई,

मी जिवंत आहे. पण मी तुमचा भाऊ नाही.

घाबरू नका, पुढे वाचा. पत्रावरचं नाव माझं, आडनावही माझं, गल्लीसुद्धा माझीच. तरी पत्र माझं नाही, हे पहिल्या शब्दालाच कळलं. मी पाच भावंडांत थोरला. मला ‘धाकट्या’ म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

इथला प्रकार सांगतो. माझं केस कापायचं दुकान आहे. या नावाची आणि या आडनावाची सातआठ माणसं आमच्या गल्लीत राहतात. नाव कोण्या जुन्या राजाचं, आणि राजा इतका लोकप्रिय की सगळ्या जातींनी, सगळ्या भाषांनी ते आपापल्या पोरांना ठेवलं. आडनावाचं तर विचारूच नका. बंदरावरचे कारकून बोटीतून उतरणाऱ्यांना धंदा विचारायचे आणि तेच आडनाव लिहून टाकायचे. बोट पाव भाजणाऱ्यांच्या गावावरून आली असेल तर सगळी बोट पाववाली! माझ्या घराण्यात कोणी पावाला भाजण्यासाठी हात लावलेला नाही, फक्त खाण्यासाठी. पण आडनाव तेच. आमच्यातल्या दोघांना एकमेकांची घरची भाषा कळत नाही, एक देवाला मानतो आणि एक देवाशी भांडतो, पण हाक मारली की सगळे एकदम वळतात.

म्हणून पोस्टमनने पूर्वीच हात टेकले. या नावाचं जे काही येईल ते माझ्या आरशाखालच्या खणात टाकतो. मी सगळ्यांसमोर फक्त पहिली ओळ वाचतो आणि ज्याची असेल तो पत्र घेऊन जातो. तुमची पहिली ओळ वाचली तेव्हा दुकानात तिघे होते. कोणीच हात वर केला नाही. मग मी पुढे वाचलं. नियम मोडला, माफ करा, पण ‘जिवंत आहेस ना’ म्हटल्यावर पत्र बंद कसं करायचं?

गेला तो आमच्या गल्लीतला नव्हता. गोदीत नवा लागला होता. तुमचं उत्तर आलं की मी हॉस्पिटलात जाऊन बघतो. खूण सांगा. नावाचा इथे काही उपयोग नाही, ते तर तुम्हाला आता कळलंच असेल.

तुमच्या भावाच्या नावाचा,
कात्री (गल्लीत मला हेच म्हणतात)

*

१० फेब्रुवारी

कात्रीभाऊ,

तुमचं पत्र उघडलं आणि ‘मी जिवंत आहे’ वाचून मी ओरडलेच. पुढची ओळ वाचून मटकन खाली बसले. माणसाला एका मिनिटात इतकं हसवू-रडवू नये हो.

खूण लिहिते. डाव्या हाताला कोपराखाली भाजल्याचा डाग आहे, इस्त्रीच्या टोकाएवढा. आमची पावाची भट्टी आहे (आमचं आडनाव मात्र खरं निघालं!), लहानपणी गरम पत्र्याला त्याचा हात लागला होता. केस दाट, कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे. उंच आहे. आता चाळिशीला टेकला असेल. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला.

तो गेला तो भांडून. बाबांना वाटायचं त्याने भट्टी सांभाळावी, त्याला जहाजांचं वेड. एके दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि बाबा म्हणाले, ‘जा. पण पुन्हा या घराचं दार ठोठावायचं नाही.’ तो म्हणाला, ‘नाही ठोठावणार.’ दोघेही एका मातीचे. बोलले म्हणजे दगडावरची रेघ. मी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावले, तर म्हणाला, ‘ताई, मफलर घेतलाय, काळजी करू नकोस.’ तेच शेवटचं.

बाबांचं म्हणाल तर, ती बातमी वाचल्यापासून पेपर वाचत नाहीत. भट्टीपाशी बसतात आणि उगीच राख ढवळतात. काल मी त्यांना म्हटलं, एका भल्या माणसाने शोध घेतोय म्हणून कळवलंय. तर म्हणाले, ‘नाव काय त्याचं?’ मी सांगितलं. ऐकलं आणि उठून आत गेले.

लवकर कळवा. वाईट असेल तरी कळवा.

*

१५ फेब्रुवारी

बाई,

तो तुमचा भाऊ नाही! आधी हे वाचा, पाणी प्या, मग पुढचं.

हॉस्पिटलातल्या बाईंनी चादर बाजूला केली, मी दोन्ही हात बघितले, उलटेसुलटे करून बघितले. कुठे डाग नाही. आणि वय कोवळं, मिसरूड नुकतं फुटलेलं. मी दाढी करायला घेतली असती तर दोन फटक्यांत संपली असती. बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि तुमच्या वतीने हुश्श केलं. मग लगेच लाज वाटली. तोही कोणाचा तरी असणारच ना?

त्याचं कोणी आलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वीच गोदीत लागलेला, खोलीतल्या सोबत्यांनाही त्याचं गाव नीट ठाऊक नाही. आमच्यात प्रत्येकाला टोपणनाव असतं, त्याशिवाय भागतच नाही. याला ते मिळायचंच राहिलं होतं. तेव्हा आम्ही ठरवलं, नाव आपलं आहे तर माणूसही आपलाच. आम्ही चौघांनी खांदा दिला. गल्लीतला उंच चष्मेवाला, पोटमाळ्यावर राहतो म्हणून पोटमाळा, मी, आणि पुढे ताई.

हसू नका. ताई म्हणजे सहा फुटी बाप्या, डोकं तुळतुळीत, गोदीत जहाजांना रंग देतो. दर पंधरवड्याला दाढीला येतो आणि गप्पा मारून जातो. दर वाक्याला याचं आपलं ‘ताई म्हणते’. ताई म्हणते ओल्या केसांनी बाहेर पडू नये. ताई म्हणते रिकाम्या पोटी भांडू नये. बहिणीचा इतका भक्त माणूस मी पाहिला नाही. रोज बोलणं होत असणार दोघांचं, नाहीतर इतके सल्ले आणतो कुठून? गोदीत परभाषेतल्या नव्या पोरांना तर ‘ताई’ हे त्याचं आडनावच वाटतं. म्हणूनच मी तुम्हाला ‘बाई’ लिहितो. ‘ताई’ लिहायला गेलो की डोळ्यांसमोर ते टक्कल येतं.

परतल्यावर सगळे दुकानात बसलो. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. पोटमाळ्याने समोरून भट्टीतला ताजा पाव आणला आणि सुरी लावणार, तेवढ्यात ताईने त्याचा हात धरला. म्हणे, ‘ताई म्हणते, पाव बोलतोय, आधी त्याचं बोलणं संपू दे.’ आणि आम्ही चार थोराड माणसं त्या पावाकडे कान लावून बसलो. गार होताना त्याचा पापुद्रा खरंच कुरकुर करत होता हो! त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना हसू आलं.

मग मी तुमची गोष्ट काढली. गाव सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की एक बहीण अकरा वर्षांनी भावाला शोधतेय. चष्मेवाला आणि पोटमाळा म्हणाले, आम्ही विचारून बघतो. ताई मात्र बिनसल्यासारखा उठला. म्हणाला, ‘तिने कशाला शोधायचं? त्याला तोंड नाही का?’ आणि चहा तसाच टाकून गेला. एरवी असा तुसडा नाही. खांदा दिलेला दिवस, मन ठिकाणावर नसेल. ज्याची बहीण रोज पाठीशी आहे त्याला हरवलेल्या भावाचं काय कळणार!

शोध चालू आहे. फक्त एक अडचण. मी माणसं मानेच्या वरच ओळखतो, बाकीचा माणूस माझ्या दुकानात कापडाखाली असतो. थंडीत तर सगळे कोटात. तेव्हा डाव्या हाताचं जरा जडच आहे. दाट कुरळ्या केसांचा मात्र मी कुठेही शोधून काढीन.

कात्री

*

१८ फेब्रुवारी

कात्रीभाऊ,

अहो, तोच तो!

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या. पाव बोलतोय हे जगात कोणी म्हणत नाही. ते मी म्हणते. तो चार वर्षांचा होता, भट्टीतून काढलेला पाव तसाच तोंडात कोंबायचा आणि जीभ भाजून भोकाड पसरायचा. म्हणून मी थाप मारली होती, की पाव बोलतोय, ऐक, त्याचं बोलणं संपल्याशिवाय कापलं तर त्याला वाईट वाटतं. तो कान लावून बसायचा. तोवर पाव निवायचा. एवढंच होतं ते.

ओल्या केसांचं मीच म्हणायचे. रिकाम्या पोटी भांडू नये हे तर बाबा आणि तो भांडायला लागले की मी रोज म्हणायचे. माझ्याशी त्याचं अकरा वर्षांत एका शब्दाचंही बोलणं नाही कात्रीभाऊ. तो रोज जुनंच सांगतोय तुम्हाला.

टक्कल पडलं त्याला? आमच्या आजोबांनाही पडलं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही की तोही म्हातारा होईल.

मी त्या पोरासाठी रडले आणि याच्यासाठी हसले, दोन्ही एकाच वेळी. शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून. तिला मी काय सांगणार? म्हटलं, माझा भाऊ ताई झालाय.

आत्ता जा. हे पत्र तिथेच ठेवा आणि जा. त्याच्या डाव्या हाताची बाही वर करा.

*

२३ फेब्रुवारी

ताई (खऱ्या),

माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही. ज्याच्या गालावरून वर्षानुवर्षं वस्तरा फिरवला तोच तुमचा भाऊ, आणि मी गल्लोगल्ली कुरळे केस शोधतोय!

पत्र मिळालं तसं ते खिशात घालून, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून गोदीत पळालो. तो शिडीवर, हातात ब्रश. खालून ओरडलो, ‘बाही वर कर!’ त्याला वाटलं मी वेडा झालो. मग म्हटलं, ‘ताई म्हणते, बाही वर कर.’ तो तिथेच थांबला. रंग टपटप माझ्या डोक्यावर. हळूहळू खाली उतरला, कोट काढला, बाही वर केली. इस्त्रीचं टोक, अगदी तुम्ही लिहिलंत तसं.

तुमचं पत्र त्याने तिथेच रंगाच्या डब्यावर बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि मी जहाजाकडे बघत उभा राहिलो. म्हणाला, दुकानात मी तुमची गोष्ट काढली तेव्हाच त्याला कळलं होतं. रात्रभर झोपला नाही. पण आमच्या नावाचे लोक इतके, बहिणीही तितक्याच असतील, अशी स्वतःची समजूत घालत राहिला.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं एक पत्र टाकायला काय धाड भरली होती? तर काय म्हणतो ऐका. ‘दार ठोठावणार नाही असा शब्द दिलाय. पोस्टमन काय करतो? दारच ठोठावतो ना?’ मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तुमच्या घरात सगळेच असे आहेत का हो?

आता तो यायला तयार आहे आणि नाहीही. विचारतो, ‘बाबा काय म्हणाले?’ त्यांनी शब्द मागे घेतला तर येतो, नाहीतर दारात उभा राहून काय करू, म्हणतो. मी खूप समजावलं. ब्रश धुतोय, धुतोय आणि धुतोय. ताई, आता तुमच्या वडिलांवर सगळं आहे. त्यांच्याकडून दोन शब्द मिळवा. हा पोरगा त्याशिवाय हलायचा नाही.

कात्री

*

२७ फेब्रुवारी

कात्रीभाऊ,

बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. रंगाच्या डब्यापर्यंत आले आणि माझाच आवाज गेला, मग त्यांनी पत्र हातात घेऊन स्वतः पुढचं वाचलं. पोस्टमनचं वाचून म्हणाले, ‘बरोबरच आहे त्याचं.’ बरोबर आहे म्हणे! मी इतकी चिडले की हातातलं पीठ आपटलं. म्हटलं, अकरा वर्षं पोरगा परक्या गल्लीत माझे शब्द उगाळतोय आणि तुम्ही त्याला शाबासकी देताय? शब्द मागे घ्या. आत्ता.

बाबा रात्री जेवले नाहीत. आज सकाळी भट्टी पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी त्याला येऊ नको असं कधी म्हटलं? दार ठोठावू नको म्हटलं होतं.’

एवढंच. याला शब्द मागे घेणं म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. मला तर काही कळेनासं झालंय. पण जसंच्या तसं त्याला सांगा, एक शब्द इकडचा तिकडे करू नका.

आणि हो, त्या पोराच्या घरचं काही कळलं का? माझं सुख त्याच्या शेजारून आलं, मला ते विसरता येत नाही.

*

४ मार्च

ताई,

सांगितलं. जसंच्या तसं. तो असा हसला, असा हसला की आरशाखालचा खण वाजायला लागला. म्हणाला, ‘म्हातारा अजून तसाच आहे!’ येतोय. शनिवारच्या गाडीने. मी घोटून दाढी केली, पैसे घेतले नाहीत, आणि मफलर आहे ना बघितलं.

मात्र दुकानातून बाहेर पडेपर्यंत विचारत होता, ‘पण आत जायचं कसं? ठोठावता तर येणार नाही.’ मी म्हटलं, खिडकीतून जा.

त्या पोराच्या घरचं पत्र काल खणात आलं. ‘बाळा’ अशी सुरुवात. आमच्यापैकी कोणी हात वर करणार नव्हतंच. आई आहे, आणि एक बहीण. मी आणि पोटमाळा उद्या स्वतः जाऊन सांगणार आहोत. त्यांना सांगू, की चौघांनी खांदा दिला आणि चौघेही त्याच नावाचे होते. तुम्हाला जमलं तर त्या बहिणीला दोन ओळी लिहा. पत्ता मागे दिलाय.

कात्री

*

९ मार्च

कात्रीभाऊ,

त्या बहिणीला काल लिहिलं. काय लिहावं सुचेना, शेवटी लिहिलं की माझ्या भावाने त्याला खांदा दिला. जमेल तेव्हा जाऊन भेटणार आहे.

आता इकडचं.

शनिवारी पहाटे मी उठले तर घरात गारठा. दात वाजायला लागले. वाटलं खिडकी उघडी राहिली. बाहेरच्या खोलीत येऊन बघते तर दारच नाही! बाबा खाली बसलेले, हातात स्क्रू-ड्रायव्हर, बाजूला बिजागऱ्या, आणि आख्खं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. सरळ रस्ता घरात. म्हटलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, ‘आता बघू काय ठोठावतो ते.’

दुपारपर्यंत आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून बसलो. गिऱ्हाइकं विचारायची, चोरी झाली का? शेजाऱ्यांचं कुत्रं दोनदा आत येऊन गेलं. बाबा त्याला हाकलायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायचे.

मग तो आला. मी त्याला चालीवरून ओळखला, डोक्यावरून नाही. चौकटीपाशी येऊन थांबला. ठोठावायला नको म्हणून त्याने दोन्ही हात खिशात घातलेले होते. आधी चौकटीकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या दाराकडे, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, ‘थंडीत उभा काय राहिलास? ये की आत.’ तो आत आला आणि बाबांनी त्याचं टक्कल दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचनात.

दार अजून बसवलेलं नाही. एक स्क्रू हरवलाय आणि तो कोणी हरवला यावरून दोघांचं सकाळपासून भांडण चालू आहे. मी त्यांना आधी खायला घातलं, मग भांडू दिलं.

भट्टीतून पाव काढला आणि बाबांनी सुरी उचलली, तर याने पटकन त्यांचं मनगट धरलं. ‘थांबा बाबा,’ म्हणाला, ‘ताई म्हणते...’ आणि मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी त्याच्या शेजारीच उभी होते.

‘हो,’ मी म्हटलं, ‘म्हणतेच.’

तुमची,
ताई